बाकी सगळे ठणठणीत

रविवार, ता. ६ मार्च

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. मी इथे बरी आहे, तुम्हीही बऱ्या असाल.

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखंच आहे, मागच्या बाकावरून वाचता यावं असं. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढाल हे धरूनच लिहायला बसले आहे.

मी फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रागावलात. रागावणं बरोबरच आहे. पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, आणि हल्ली लांबलचक वाक्य मला एका दमात बोलताही येत नाही. लिहिताना मध्ये थांबता येतं. म्हणून पत्र.

इथलं सांगायचं तर खोली लहान आहे. चष्म्याच्या दुकानाच्या मागेच, मालकीणबाईंनी दिलेली. पूर्वी तिथे रिकाम्या फ्रेमांची खोकी ठेवत असत. एक खिडकी, एक खाट, एक शेगडी. तळमजल्यावर आहे, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. दुकानात अर्धा दिवस बसते. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बोचते का बघायचं, नाकावरचे पॅड सैल-घट्ट करायचे, स्क्रू पिळायचे. सगळं बसून करायचं काम. काल एक आजोबा आले, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा हरवला म्हणून नवीन करायला! मालकीणबाईंनी त्यांना तसंच परत पाठवलं. अशाने दुकान चालायचं कसं, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "ते परत येतील. डोळे तर खराब आहेतच."

तुम्ही विचारलंत, हृदयाचं दुखणं असलेल्या नवऱ्याला या वयात एकटं टाकून मी कशी काय निघून आले. काय उत्तर देऊ? तुमचा धाकटा भाऊ बाळ तसा व्यवस्थित आहे. त्याचं पथ्य त्याला पाठ आहे. मी निघाले तेव्हा चार दिवसांचं जेवण करून, डब्यांत भरून, फ्रीजमध्ये ठेवून निघाले. पाचव्या दिवसापासून तो काय करतो ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. आम्हाला पोटी कुणी नाही, त्यामुळे इकडचं तिकडे सांगणारं माणूसही नाही. एक तुम्हीच.

मध्ये मला थोडं बरं नव्हतं, ते त्याने कळवलंच असेल. विशेष काही नाही.

"बारके, तू लग्न होऊन आलीस तेव्हा फुंकर मारली तर उडशील अशी होतीस, पण घर धरून राहिलीस," असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून जरा हसू आलं. तुम्हीच मला बारकी नाव ठेवलंत. आता बघाल तर नाव बदलाल.

हो, एक विचारायचं राहिलं. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलं आहे की जिना चढताना जबडा जड होतो, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलात, त्याने दात चांगले आहेत असं सांगितलं, आणि पाठीत दोन खवाट्यांच्या मध्येही दुखतं. तो जबडा फक्त चढतानाच दुखतो की बसल्यावरही? थांबलात की थांबतो का? एवढं मात्र नक्की कळवा. बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
बारकी


बुधवार, ता. १६ मार्च

ती. ताई,

नमस्कार.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. "हो, चढताना दुखतो, थांबले की थांबतो. पण तुला काय करायचंय? तू विषय बदलू नकोस. बाळ सांगतो, त्याच्या कार्यक्रमात तुला जराशी चक्कर आली आणि तेवढं निमित्त करून तू घर सोडलंस. बायकांनी इतकं नाजूक असू नये."

चक्कर नव्हती ताई. हार्ट अटॅक होता.

आता लिहितेच सगळं. तुम्हाला आवडणार नाही, पण तुम्ही ते अर्ध्यात ठेवून उठणार नाही एवढी खात्री आहे. मुलांचे पेपर तुम्ही कधी अर्धे तपासले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पाणीपुरवठा खात्यात तपासणीचं शिबिर झालं. बाळ तेव्हा नोकरीत होता, पंपघराचा मुख्य. बायकोचीही तपासणी फुकट, म्हणून मीही गेले. एका तरुण डॉक्टरने दोघांच्या कमरेला टेप लावली, रक्तदाब घेतला, रक्त घेतलं. आठवड्याने दोघांना एकत्र बसवून समजावलं. कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली वाढलेली चरबी, आणि जे चांगलं कोलेस्टेरॉल असतं ते कमी. या पाचांतल्या तीन गोष्टी बिघडल्या की त्यांची टोळी होते, म्हणाला. एकेकट्या असताना जेवढं नुकसान करतात त्याहून जास्त टोळीने करतात, आणि ती टोळी सरळ हृदयावर चालून जाते.

बाळच्या तीन बिघडल्या होत्या. माझ्या चार.

पण डॉक्टर बोलत होता तो बाळशी. मध्ये एकदा माझ्याकडे वळून म्हणाला, "यांच्या जेवणाकडे आता तुम्ही लक्ष द्यायचं. तुमचंही थोडं वाढलंय, पण या वयात बायकांचं होतंच." झालं. माझ्या चार गोष्टींचा निकाल एका वाक्यात लागला. येताना गाडीत तुमचा बाळ म्हणाला, "मी जन्मभर पंप सांभाळले. हा एक पंप मला जड नाही." मी हसले होते. मला त्याचं कौतुकच वाटलं होतं ताई, खोटं कशाला बोलू?

त्याने मनावर घेतलं. ते मी नाकारत नाही. पहाटे उठून चालायला जायचा, नवे बूट आणले, सिगारेट सोडली. आणि मी स्वयंपाकघरात वजनकाटा मांडला. त्याच्यासाठी बिनतेलाची भाजी, मोजून भात, उकडलेलं, वाफवलेलं. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. स्वतःसाठी वेगळं शिजवायला त्राण उरत नसे, मग ओट्याशी उभ्याउभ्याच काहीतरी खायचं. त्याच्या निवृत्तीला घरात केक आले, मिठायांची खोकी आली. त्याला चालत नाही, टाकवत नाही. मग ते कुणाच्या पोटात जाणार? त्याच्या पट्ट्याला आतल्या बाजूने नवी भोकं पडत गेली आणि माझ्या कपड्यांच्या शिवणी उसवत गेल्या.

एकदा म्हटलं, मीही येते चालायला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू हळू चालतेस. माझे ठोकेच वाढत नाहीत तुझ्याबरोबर."

दम लागतो म्हटलं, तर म्हणे वजन आहे तुझं. रक्त पुन्हा तपासून घेऊ का म्हटलं, तर म्हणे, "बायकांना तसा धोका कमी असतो. आधी माझं स्थिर होऊ दे, मग तुझं बघू." त्याचं स्थिर झालं. पाचही गोष्टी जागेवर आल्या. डॉक्टरने पाठ थोपटली. मग त्याला निवृत्तांच्या संघात बोलायला बोलावलं, तिथून वाचनालयात, तिथून आणखी कुठे. 'मी हृदयविकारावर मात कशी केली.' ताई, ज्याच्या हृदयाला कधी ओरखडासुद्धा उठला नाही तो मात केल्याचं सांगत हिंडायला लागला, आणि मी त्याचे शर्ट इस्त्री करत होते.

खात्याच्या मोठ्या सभागृहात त्याचा सत्कार आणि व्याख्यान ठरलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी इस्त्रीच करत होते. पाठीत दोन खवाट्यांच्या मध्ये कुणीतरी अंगठा रोवून दाबावं तसं झालं. जबडा धरला. मळमळलं, उलटी झाली, अंग गार पडलं, घामाने निथळले. छातीत म्हणाल तर दुखत नव्हतं, नुसतं जड. मी म्हटलं, मला दवाखान्यात न्या. त्याने नेलं. कुरकुर केली, पण नेलं.

तिथल्या डॉक्टरने मला विचारलं, "काय होतंय?"

मी तोंड उघडायच्या आत तुमचा बाळ म्हणाला, "दुपारी तेलकट खाल्लंय तिने. त्यात उद्या माझं व्याख्यान. ती सगळं मनाला फार लावून घेते."

डॉक्टरने हृदयाचा आलेख काढला. त्यात ठळक असं काही दिसलं नाही. पण तो भला माणूस होता, म्हणाला, "आलेखात नेहमी लगेच दिसत नाही. रक्त घेतलंय, तीच तपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागेल. तोवर यांना इथेच राहू द्या."

"त्याची गरज वाटत नाही," बाळ म्हणाला. "मला यातलं थोडं कळतं. गॅसेस आहेत. आणि मला सकाळी लवकर निघायचंय."

मी खाटेवर होते. दोघांच्या मध्ये. मी म्हटलं, "राहते मी." इतक्या हळू म्हटलं गेलं की मलाच ऐकू आलं नसावं. डॉक्टरने खांदे उडवले, पांढऱ्या औषधाची बाटली दिली, आणि बाळने आपल्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली. आपल्या! माझं हृदय त्याच्या जबाबदारीवर घरी आलं.

आता जे लिहिते आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मालकीणबाईंनाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी सभागृहात दुसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी मालकीणबाई, आमची ओळख आधीपासूनची, मीच त्यांना बोलावलं होतं. जबडा तसाच. बाळ व्यासपीठावर, निळा शर्ट, मागे पडद्यावर चित्रं, ती दाखवायला हातात काठी. तुमच्या घराण्याचा खणखणीत आवाज. आणि तो म्हणाला, "मित्रहो, लक्षात ठेवा. हृदयविकार म्हणजे छातीतच कळ येते असं नाही. विशेषतः स्त्रियांमध्ये." आणि त्याने बोट स्वतःच्या जबड्याला लावलं. "इथे दुखतं." मग मागे हात नेऊन पाठ दाखवली. "इथे. मळमळतं, गार घाम येतो. आणि लोक काय म्हणतात? गॅसेस!"

सभागृह हसलं.

ही चित्रं त्याने महिनाभर आधी करून घेतली होती. घरात येरझाऱ्या घालत पाठ केली होती. त्याला माहीत होतं ताई. आदल्या संध्याकाळी त्या डॉक्टरसमोर उभा होता तेव्हाही त्याला शब्द न् शब्द माहीत होता.

नंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मी मालकीणबाईंचा हात धरला एवढं आठवतं. वरून त्याचा आवाज आला, "कुणीतरी पाणी द्या, चक्कर आलेली दिसते." मालकीणबाईंनी आणि दाराशी उभ्या असलेल्या दोघांनी मला उचलून गाडीत घातलं. तो मागून आला. भाषण संपवून.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई मोठ्या इस्पितळातल्या. त्यांनी अडकलेली नळी उघडली. शुद्धीवर आल्यावर स्पष्टच म्हणाल्या, काल संध्याकाळीच थांबला असतात तर बरंच वाचलं असतं. आता एक भाग मेला. मेलेला भाग परत येत नाही. पाळी जाईपर्यंत बाईच्या हृदयाला निसर्गाचं थोडंफार छत्र असतं, ते एकदा गेलं की गेलं, आणि साखर वाढलेली असेल तर ती पुरुषाच्या हृदयापेक्षा बाईच्या हृदयाला जास्त छळते. "तुम्हाला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नाही?" असं त्यांनी विचारलं. बाळ शेजारीच होता. मी म्हटलं, सांगितलं होतं. यांचं जेवण बघा म्हणून.

भेटायला येणाऱ्यांना तो सांगायचा, "माझी काळजी करून करून हिला झालं." लोक माना डोलवायचे. माझं दुखणंसुद्धा त्याच्याच खात्यावर जमा!

घरी आले. थोडे दिवस त्याने चहा केला, औषधं हातात दिली. मग एके सकाळी वजनकाटा ओट्यावर काढून ठेवलेला दिसला. मला म्हणाला, "आता हळूहळू सुरू करायला हरकत नाही. माझं महिनाभर फार विस्कळीत झालंय."

तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? जबडा, पाठ, मळमळ?"

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "अगं, ते सर्वसाधारण बायकांबद्दल होतं. तुझ्या बाबतीत कसं लक्षात येणार?"

त्याने मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मी राहिले असते कदाचित. बायका राहतात. पण हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, अगदी मनापासून. खरंच नव्हतं त्याच्या लक्षात आलं. जगातल्या सगळ्या बायकांना हृदय असतं हे त्याला पाठ होतं, फक्त घरातली त्यात धरायची राहून गेली. मी चार दिवसांचं शिजवलं आणि निघाले.

आता माझं सोडा, तुमचं ऐका. मी तुम्हाला कधी आज्ञा केली नाही, आज करते. तुमची आणि बाळची अंगलट एका साच्यातली आहे, साखर तुम्हालाही आहे, आणि चढताना दुखणारा, थांबल्यावर थांबणारा जबडा म्हणजे दात नव्हे. उद्याच्या उद्या हृदयाच्या डॉक्टरकडे जा. "चढताना दुखतं, थांबलं की थांबतं," एवढंच वाक्य सांगा. ते ताबडतोब तपासतील. घरी बसल्याबसल्या दुखलं, तर उद्याचीही वाट बघू नका, तेव्हाच इस्पितळ गाठा. आणि बरोबर कुणाला न्यायचं असेल तर शेजारणीला न्या, तुमच्या वतीने उत्तरं देणाऱ्याला नको. बाळला विचारू नका. हात जोडते, त्याला विचारू नका.

लिहून दमले. दोन दिवस लागले या पत्राला.

तुमची,
बारकी


शनिवार, ता. २८ मे

ताई,

तुमची दोन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत. पहिलं इस्पितळातून लिहिलेलं, ओळी वरखाली गेलेल्या. तुमच्या हातून अशा ओळी गेलेल्या मी प्रथमच पाहिल्या. त्यात तुम्ही लिहिलंत, "बाळला विचारलंच मी, सवयीने. तो म्हणाला गॅस आहे, ओवा खा. पण तुझं पत्र उशाशी होतं. शेजारणीला घेऊन गेले. दोन नळ्या जवळजवळ बंद होत्या, दोन जाळ्या बसवल्या. बारके, आज मी आहे ती तुझ्यामुळे."

ते वाचून मी खूप रडले. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला वाटलं आपल्या नंबरात काहीतरी भयंकर निघालं. तुम्ही वाचलात याचा मला जो आनंद झाला तसा कित्येक वर्षांत झाला नव्हता. माझं जे गेलं ते गेलं, पण अगदीच फुकट नाही गेलं, असं वाटलं.

दुसरं पत्र परवा आलं. अक्षर पुन्हा पूर्वीसारखं. तब्येत सुधारल्याचं त्यावरूनच कळलं. लिहिता, "झालं गेलं विसर. बाळ एकटा पडलाय, हडकलाय. मीही आता त्याच्याकडेच राहायला येते आहे. तूही ये. दोघी मिळून त्याला सांभाळू."

त्याच्या नव्या व्याख्यानाबद्दल त्या पत्रात एक अक्षर नाही. तुम्हाला वाटलं असेल मला कळणार नाही. मालकीणबाई गेल्या होत्या ताई. बाळने दुकानाच्या दाराशी पत्रक लावायला आणून दिलं होतं. मी आत होते. आत आला नाही.

त्यांनी येऊन सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बसल्या, पदार्थावरची माशी हाकलावी तसा हात हलवला आणि सांगायला लागल्या. तुम्ही व्यासपीठावर खुर्चीत, मांडीवर फुलांचा गुच्छ. बाळ तुमच्याकडे हात करून सांगत होता, "या माझ्या थोरल्या भगिनी. यांचा जबडा दुखत होता. दाताच्या डॉक्टरलाही कळलं नाही. मी फोनवर लक्षणं ऐकली आणि म्हटलं, ताई, आत्ताच्या आत्ता हृदयाच्या डॉक्टरकडे जा!" टाळ्या पडल्या. तुम्ही मान डोलावलीत.

इथपर्यंतही मी सोसलं असतं. सख्खा भाऊ आहे. भरल्या सभेत त्याला खोटं पाडणं तुम्हाला जमणार नाही हे मला कळतं. श्रेय घेऊन मी काय करणार? त्याने रक्तदाब उतरत नाही.

पण शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई उठली. अंगाने माझ्यासारखीच, मालकीणबाई म्हणाल्या, उभं राहूनच दम लागलेला. तिने विचारलं, "तुम्हाला होतं, तुमच्या बहिणीला झालं. मग तुमच्या मिसेसना? एकाच घरात राहून, तेच खाऊन, त्यांची कधी तपासणी केलीत का?"

बाळ हसला म्हणे. "नाही हो. तिला काही नाही. आमच्या घरात बाकी सगळे ठणठणीत!"

आणि तुम्ही शेजारी बसला होता. ताई, मालकीणबाईंनी मला शपथेवर सांगितलं, तुम्ही तेव्हाही मान डोलावलीत.

ती बाई काय समजून खाली बसली असेल? ज्याने एवढा अभ्यास केला त्याच्या बायकोला काही झालं नाही, म्हणजे बायकोला होत नसावं. नवऱ्याचं जेवण मोजत घरी गेली असेल ती. तुम्ही एक वाक्य बोलला असतात, "याच्या बायकोला झालाय अटॅक," नुसतं एवढं, पुढचं काही नाही, गॅसेस नाही, सही नाही, काही नाही, तरी त्या बाईने दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं असतं. जन्मभर तुम्ही वर्गात सांगितलंत, माहीत असून गप्प बसणं हेही खोटंच. मुलांना उभं केलंत त्यासाठी.

मालकीणबाईंना मी त्या बाईला शोधायला लावलं. सापडली नाही. सभा सुटल्यावर पायऱ्यांवर टेकलेली कुणी तरी पाहिली होती, मग कुठे गेली कुणास ठाऊक. मी रोज दुकानात येणाऱ्या अशा अंगाच्या बाईकडे बघायचे आणि विचारायचे, "तुम्ही त्या व्याख्यानाला होतात का?" लोकांना वाटायचं डोकंही गेलं हिचं. एकीने फ्रेम तशीच ठेवून दुकान सोडलं. तेव्हापासून मी विचारणं बंद केलं आहे. नंबर लिहून घेताना नुसतंच म्हणते, साखर तपासता ना? डोळ्यांसाठी विचारते आहे असं त्यांना वाटतं. वाटू दे.

तुम्ही बोलावलंत. मी येणार नाही. दोघी मिळून त्याला सांभाळायचं म्हणता, पण माझ्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मला पाणी किती प्यायचं तेही मोजून दिलं आहे, तिथे तुमचा बाळ कुठे बसवू? आणि त्याला सांभाळायला काय झालंय? पाचही गोष्टी जागेवर आहेत त्याच्या. आपल्या तिघांत तोच एक धडधाकट आहे. आपण दोघी त्याची उदाहरणं. एक दाखवायची, एक झाकायची.

तुम्ही जिवंत आहात याचा मला आजही आनंद आहे. तो तुम्हाला कळू नये असं वाटतं, तरी लिहिते.

जाळ्या बसवल्यावर जी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली आहे ती एक दिवसही चुकवू नका. बरं वाटतंय म्हणून तर मुळीच बंद करू नका, बाळने सांगितलं तरी नाही. जिना टाळू नका, पण सावकाश चढा. जबडा पुन्हा धरला तर थेट इस्पितळात जा, आणि प्रश्नाचं उत्तर स्वतः द्या. तेवढं तरी.

यापुढे पत्र पाठवू नका असं लिहिणार होते. पण ते जमत नाही. दर तपासणीनंतर तुमचे रिपोर्ट तेवढे कळवत जा. साखर, रक्तदाब, चरबी, सगळं. नुसते आकडे लिहा. बाकी मजकूर नको.

वडीलधाऱ्यांच्या पत्रात नमस्कार लिहायची रीत आहे. तो या वेळी लिहीत नाही. हात थकला म्हणून नव्हे.

तुमच्या भावाची ठणठणीत बायको